मुंबई ते नागपूर, दीड तास: बिझनेस क्लास घ्यावा का?

कानात इअरफोन घालून लोकलला लटकलेले, गोडाउनच्या कँटीनमध्ये जेवणारे, रात्री अंथरुणात पडून ऐकणारे, सगळ्यांचं स्वागत. ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हा एपिसोड इथे लिहूनही देतोय.

आजचा विषय एका श्रोतीने दिलाय. आमच्या अकलोलीच्या जवळच, अंबाडीकडे राहते ती. नाव सांगणार नाही, तिने सांगू नको म्हटलंय. तिचा मेसेज असा: "दादा, माझी ताई नागपूरला असते. दोन महिन्यांनी तिच्या बाळाचा पहिला वाढदिवस आहे. आईबाबा अजून विमानात बसलेले नाहीत. बाबांनी तीस वर्षं भिवंडीत पॉवरलूमवर उभं राहून काम केलं, आता गुडघे दुखतात. मी एक लाख दहा हजार साठवलेत. मनात आहे की त्या दोघांना बिझनेस क्लासने न्यावं आणि मी मागे इकॉनॉमीत बसावं. एकदाच करायचं तर चांगलं करावं ना? मैत्रिणी म्हणतात वेडी आहेस. तू काय म्हणतोस?"

पहिली गोष्ट, ती वेडी नाहीये. आईबापाने आयुष्यभर उभं राहून काढलं, तर एकदा त्यांना ऐसपैस बसवावं, हे वाटणं अगदी सरळ आहे. म्हणून मला उत्तर उडवून द्यायचं नाहीये. नीट हिशोब करूया. शेवटी निर्णय तिचाच.

आधी बिझनेस क्लासमध्ये मिळतं काय ते बघू. रुंद खुर्ची, पाय पसरायला जागा, पाठ जास्त मागे जाते. चेक-इनला वेगळी रांग, आधी विमानात चढायला मिळतं, लाउंजमध्ये बसायला मिळतं. सामान जास्त नेता येतं आणि त्यावर प्रायॉरिटीचा टॅग लागतो, म्हणजे उतरल्यावर बॅग लवकर हातात येते. खाणं बरं असतं, नाव घेऊन विचारपूस होते. हे सगळं खरं आहे. एकदा कंपनीच्या कामासाठी दिल्लीला मी असा गेलोय, तिकीट अर्थातच कंपनीचं. सगळ्यात काय आवडलं सांगू? हाताच्या कोपरासाठी शेजारच्याशी मूक भांडण करावं लागलं नाही.

पण तेव्हा मी एक उद्योग केला. मोबाईलवर वेळ लावून बघत बसलो, की ही खुर्ची मला प्रत्यक्षात किती वेळ वापरायला मिळते. विमान गेटवरून हललं की धावपट्टीपर्यंत रांगत जातं. तोवर पाठ सरळ. उड्डाणाच्या वेळी पाठ सरळ. पट्ट्याचा दिवा विझेपर्यंतही सरळच. उतरताना पुन्हा तेच. तुम्ही कितीही पैसे दिलेले असोत, विमान चढताना आणि उतरताना पाठ सरळच ठेवावी लागते. सुरक्षेचा नियम सगळ्यांना एकच.

आता मुंबई-नागपूर घ्या. वेळापत्रकात साधारण दीड तास लिहिलेला असतो. त्यात जमिनीवरचं रांगणं आलं, चढणं आलं, उतरणं आलं. पाठ मागे टाकून आरामात बसायला उरतात साधारण पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं. त्यातच खाण्याचा ट्रे येतो, तेव्हा पुन्हा पाठ सरळ.

आता पैशाकडे येऊ. भाडी रोज बदलतात, म्हणून मी धरून चाललेले आकडे सांगतो. तुम्ही ॲपवर बघून तुमचे घाला. समजा नागपूरचं इकॉनॉमीचं तिकीट साडेपाच हजार आणि बिझनेसचं सतरा हजार. फरक साडेअकरा हजार. तो पन्नास मिनिटांत वाटला, तर मिनिटाला दोनशे तीस रुपये. ही माझी साधी पद्धत आहे. दोन तिकिटांतला फरक घ्यायचा आणि खुर्ची खरोखर वापरायला मिळणाऱ्या मिनिटांनी भागायचा. मुंबई-गुवाहाटीसारख्या तीन तासांच्या प्रवासाला हाच आकडा बराच खाली येतो, कारण चढण्या-उतरण्याचा वेळ जवळपास तेवढाच राहतो आणि मधला वेळ वाढतो. म्हणजे प्रवास जितका छोटा, तितकी बिझनेस क्लासची मिनिटं महाग.

एवढं महाग का असतं, हेही समजून घेऊ. मी भिवंडीत गोडाउनमध्ये काम करतो, त्यामुळे मला ते चटकन कळलं. गोडाउनचं भाडं जागेवर ठरतं. रॅकवर तुमचा माल दुप्पट जागा खात असेल तर तुम्ही दुप्पट द्या. विमानाचंही तसंच. इंडिगोने ऑगस्ट 2006 मध्ये उडायला सुरुवात केली ती एकाच क्लासवर. अठरा वर्षं तसंच चालवलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर 'स्ट्रेच' नावाने बिझनेसच्या खुर्च्या आणल्या, भाडं जाहीर केलं 18,018 रुपयांपासून पुढे. त्यांच्या ज्या ए321 विमानात सगळी इकॉनॉमी असेल तर 232 खुर्च्या बसतात, तिथे स्ट्रेचवाल्या विमानात 208 इकॉनॉमी आणि 12 बिझनेस आहेत. म्हणजे चोवीस खुर्च्या काढल्या आणि बारा बसवल्या. सरळ हिशोब आहे, एक बिझनेसची खुर्ची इकॉनॉमीच्या दोन खुर्च्यांची जागा खाते.

मग भाडं दुप्पट असावं ना? पण ॲप उघडून बघा, बरेचदा तिप्पट किंवा त्याच्याही वर दिसतं. कारण दिल्ली-मुंबईच्या त्या बारा खुर्च्यांवर बसणारे बरेचसे लोक स्वतःच्या खिशातून पैसे देत नाहीत. कंपनी देते. उद्या मीटिंग आहे, आज तिकीट काढा, पुढे ढकललं तर बदलून घ्या. ही किंमत त्या गिऱ्हाइकाकडे बघून ठरलेली असते. तीस वर्षं लूमवर उभं राहिलेल्या माणसाचे गुडघे डोळ्यांसमोर ठेवून कोणी ती ठरवलेली नाही. हे कटू वाटेल, पण दुसऱ्याच्या खिशासाठी लावलेला भाव आपण आपल्या खिशातून भरतोय का, हे बघायला हवं.

त्यात करही आला. 22 सप्टेंबर 2025 पासून इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी 5 टक्केच राहिला, पण त्यावरच्या क्लासवर 12 चा 18 टक्के झाला. मूळ भाडं चौदा हजार असेल तर नुसता जीएसटी 2,520 रुपये. इकॉनॉमीच्या पाच हजारांवर तोच अडीचशे. मोठ्या कंपन्या हा कर आपल्या हिशोबात वळता करून घेऊ शकतात. आपल्यासारख्या साध्या प्रवाशाला ती सोय नाही.

आता मुख्य मुद्दा. अकलोलीहून नागपूरला जाणं म्हणजे विमानात दीड तास बसणं नव्हे. घराच्या दारापासून ताईच्या दारापर्यंत मोजा. इथून मुंबई विमानतळ साठ-सत्तर किलोमीटर. एकतर अंबाडी, भिवंडी, माणकोली करत ठाण्यावरून जा, नाहीतर शिरसाड फाट्याला निघून वसईवरून वेस्टर्न एक्सप्रेसने. दोन्हीकडे कंटेनर, खड्डे आणि नशीब. अडीच तास धरा. विमानतळावर दोन तास आधी पोचा. दीड तास विमान. बॅग घ्यायला अर्धा तास. नागपूरचं विमानतळ शहराला लागून आहे, तरी ताईच्या घरापर्यंत अर्धा तास. झाले सात तास. चारशेवीस मिनिटांपैकी पन्नास मिनिटांसाठी आपण जादा पैसे मोजणार. उरलेल्या तीनशेसत्तर मिनिटांचं काय?

बाबांचे गुडघे कुठे दुखणार आहेत, याचा नीट विचार करा. विमानाच्या खुर्चीत? थोडे दुखतील, नाही असं नाही. पण जास्त दुखतील ते माणकोलीच्या ट्रॅफिकमध्ये शेअर टॅक्सीत मधल्या सीटवर अवघडून बसल्यावर. विमानतळावर आतमध्ये चालताना. सिक्युरिटीच्या रांगेत उभं राहिल्यावर. विमानाच्या शिडीवर. लूमवर जे तीस वर्षं केलं तेच, उभं राहणं! बिझनेस क्लासचं तिकीट यातलं थोडंच कमी करतं.

आणि यातलं बरंचसं फुकटात कमी होतं. चालायला त्रास असेल तर व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच मागता येते, क्लास कुठलाही असो. ती मागायला लाजू नका. बाबा म्हणतील, "मी काय म्हातारा झालोय का?" त्यांना आधीच घरी समजावून ठेवा, विमानतळावर वाद नको. मदतनीस थेट चेक-इनपासून विमानाच्या दारापर्यंत नेतो. दुसरं, डिजियात्रा. मोबाईल ॲपमध्ये आधार जोडून आधीच नोंदणी करा, मग गेटवर चेहरा दाखवून आत. हे काम तुम्ही घरबसल्या तिघांचं करू शकता, पण प्रत्येकाच्या मोबाईलवर वेगळं करावं लागतं, म्हणून आदल्या रविवारीच उरका.

तिसरं, सीट. इकॉनॉमीतही पुढच्या काही रांगांना पैसे भरून जास्त जागा मिळते. किंमत बिझनेसच्या मानाने खूपच कमी. एक लक्षात ठेवा, इमर्जन्सी दाराजवळची रांग कितीही मोकळी असली तरी ज्याला हालचालीला त्रास आहे त्याला तिथे बसवत नाहीत. तेव्हा बाबांसाठी पहिली रांग किंवा पुढच्या जास्त जागेच्या सीटा. पाय पसरायची बाजू हवी तर आईल, म्हणजे वाटेकडची सीट.

आता तिच्या योजनेतली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. आईबाबा पुढे आणि ती मागे. जरा डोळ्यांसमोर आणा. पहिल्यांदा विमानात बसलेली दोन माणसं, आणि मध्ये पडदा. पट्टा कसा लावायचा, कान का दडे बसतायत, समोरचं टेबल कुठून निघतं, टॉयलेटचं दार ढकलायचं की ओढायचं, हवाई सुंदरी इंग्रजी-हिंदीत काहीतरी विचारतेय त्याला हो म्हणायचं की नाही. ही सगळी उत्तरं ज्या मुलीकडे आहेत ती पंधरा रांगा मागे. आईला विमान थोडं हललं की कोणाचा तरी हात धरायचा असणार. तो बाबांचा असेलच, पण बाबांचाही पहिलाच प्रवास आहे की. तिने पैसे वाचवायला स्वतःला मागे बसवलं, आणि नेमकं त्यांना जे सगळ्यात जास्त लागणार तेच मागे राहिलं.

इकॉनॉमीत तीन-तीनची रांग असते. खिडकीला आई, मध्ये तू, वाटेला बाबा. एका रांगेत तिघं. सकाळचं विमान असेल तर मुंबईहून नागपूरला जाताना डावीकडची, म्हणजे ए सीट घ्या. विमान पूर्वेकडे चाललेलं असतं, डावी बाजू उत्तरेकडे येते, ऊन डोळ्यांवर येत नाही. आईला खाली बघू दे. सह्याद्री वरून कसा दिसतो हे बघायला पैसे पडत नाहीत.

आता कोणी म्हणेल, अरे, पण वेगळ्या वागणुकीला काही किंमत आहे की नाही? आहे. आमच्याच गावातलं उदाहरण देतो. अकलोलीला तानसा नदीकाठी रामेश्वराच्या देवळापाशी गरम पाण्याची कुंडं आहेत. रविवारी मुंबई-ठाण्याहून गाड्या भरभरून लोक येतात. कुंडात उतरायला पैसे नाहीत. आसपास काही ठिकाणी मात्र पैसे भरून स्वतंत्र खोलीत तसंच गरम पाणी मिळतं. पाणी त्याच जमिनीतलं. मग लोक पैसे का भरतात? दाराला कडी आहे म्हणून. एखादी बाई चारचौघांत कुंडात उतरायला तयार नसते, तिच्यासाठी ती कडी म्हणजे चैन नाही, गरज आहे. पैसे पाण्याचे नसतात, कडीचे असतात. ज्याला कडीची गरज आहे त्याने जरूर भरावेत.

बिझनेस क्लासही तसाच. विमान तेच, पायलट तोच, पोचायची वेळ तीच. पैसे पडद्याचे. तुम्हाला पडद्याची गरज कधी आहे? तर अशा वेळी: गुडघ्याचं किंवा पाठीचं ऑपरेशन होऊन फार दिवस झालेले नाहीत आणि पाय सरळ ठेवणं भाग आहे, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय. तुम्ही इतके उंच किंवा अंगाने मोठे आहात की इकॉनॉमीच्या खुर्चीत दीड तासही शिक्षा वाटते. सामान खूप आहे आणि जादा वजनाचे पैसे मोजता मोजता फरकच उरत नाही. दिवाळीच्या गर्दीत इकॉनॉमीचं भाडं इतकं चढलंय की बिझनेस थोडंच वर आहे. किंवा एअरलाइनने बोली लावून कमी पैशात अपग्रेडची सोय दिली, पॉइंट साठले होते ते वापरता आले. दिल्लीला जाताना कधीकधी परदेशी मार्गावरचं मोठं विमान लागतं, त्यात पूर्ण आडवं होता येणारी सीट असते. तेव्हा त्याच पैशात वेगळीच गोष्ट मिळते, म्हणून तिकिटावर विमानाचा प्रकार वाचायची सवय लावा. आणि हो, कंपनी पैसे देत असेल तर गुपचूप बसा आणि ज्यूस प्या!

हौस म्हणून घ्यायचं असेल तरी माझी हरकत नाही. माणूस एखाद्या वेळी ताजमध्ये चहा प्यायला जातोच. फक्त चहा चहाच असतो हे माहीत असू द्या, आणि हप्त्यांवर पिऊ नका. आता तिकिटंही हप्त्यांवर मिळतात. दीड तासाच्या प्रवासाचा हप्ता सहा महिने फेडायचा, आणि हातात काय तर एक रील. हे मात्र मी माझ्या धाकट्या भावालाही करू देणार नाही.

बरं, आता तिच्या पैशाचा हिशोब. माझ्या धरलेल्या भावाने आईबाबांना जाऊन-येऊन बिझनेस म्हणजे चार तिकिटं, अडुसष्ट हजार. तिचं इकॉनॉमीचं अकरा हजार. एकूण एकोणऐंशी हजार. तिघंही इकॉनॉमीने गेले तर तेहेतीस हजार. फरक सेहेचाळीस हजार.

या सेहेचाळीस हजारांतून पहिलं काम, अकलोली-अंबाडीच्या घराच्या दारातून विमानतळापर्यंत मोठी गाडी, येतानाही तीच. समजा सात हजार. बाबा पुढच्या सीटवर पाय लांब करून बसतील, वाटेत दोनदा उतरून पाय मोकळे करतील. तो अडीच तासांचा आराम आहे, पन्नास मिनिटांचा नाही. दुसरं, पुढच्या जास्त जागेच्या सीटा तिघांना, दोन्ही वेळा, समजा सहा हजार. तिसरं, नागपुरात दोन दिवस गाडी. दीक्षाभूमी दाखवा, रामटेकला जाऊन या, बाबांना ऑटो शोधत उभं राहावं लागू नये. समजा आठ हजार. झाले एकवीस हजार. तरी पंचवीस हजार हातात राहतात. त्यातून बाळाला काहीतरी घ्या, आणि परत आल्यावर बाबांना हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. गुडघ्याला खरा आराम तिथे मिळेल.

अजून दोन गोष्टी आपल्या भागातल्या लोकांसाठी. विमानाची वेळ क्लासपेक्षा जास्त महत्त्वाची असते. पहाटेचं विमान घेतलं तर रात्री अवजड गाड्या वाटेत लागतात, पण ऑफिसची गर्दी नसते. संध्याकाळचं घेतलं तर दोन्ही लागतात. शंभर-दोनशे रुपये वाचवायला वेळ चुकीची निवडू नका. आता नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय, तिथून विमान असेल तर रस्त्याचा वेळ दोन्हीकडचा तपासून मग बुक करा.

दुसरी गोष्ट, येताना विमानच हवं का? समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला पूर्ण सुरू झाला, नागपूरपासून 701 किलोमीटर थेट आपल्या भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला नऊ-दहा तास गाडीत बसवू नका. त्यापेक्षा विदर्भ एक्सप्रेस आहे. नागपूरहून संध्याकाळी निघते आणि कल्याणला थांबते. एसी डब्यात खालचा बर्थ मिळाला तर बाबा रात्रभर पूर्ण आडवे. छोट्या विमानाच्या बिझनेस क्लासमध्येही पाठ एवढी खाली जात नाही, आणि तिकीट त्याच्या कितीतरी कमी. जाताना विमान, येताना रेल्वे, असं केलंत तर विमानाची हौसही होते आणि पाठही टेकते.

तर ताई, माझं मत: तिघं एका रांगेत बसा. पैसे जिथे दुखतं तिथे लावा, रस्त्यावर आणि गुडघ्यावर. आणि एवढं ऐकूनही तुझ्या मनातून जात नसेल, तर निदान तिघांचंही बिझनेस काढ आणि एकाच बाजूचा प्रवास तसा कर. पण आईबाबांना एकटं पुढे पाठवू नकोस.

मंडळी, तुमच्या घरात पहिल्यांदा कोण विमानात बसलं आणि त्यांना सगळ्यात जास्त कशाची भीती वाटली, हे व्हॉइस मेसेज करून पाठवा. एस्केलेटरची भीती सांगणारे तीन मेसेज आधीच आलेत. पुढच्या भागात त्यावरच बोलू, की पहिल्यांदा विमानतळावर जाणाऱ्या माणसाला घरून काय काय शिकवून न्यावं. तोवर काळजी घ्या, आणि तिकीट काढण्याआधी मिनिटांनी भागाकार करायला विसरू नका. भेटूया.